कारकासोन (फ्रान्स): दोन तटांच्या आतलं गाव

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं आम्ही तुलूझमध्ये राहतो. विमानांच्या कारखान्यांमुळे इथे बरीच मराठी घरं आहेत. भारतातून कुणाचे आईवडील आले की पहिली सहल ठरलेली असते, कारकासोन. आगगाडीने पाऊण ते एक तास. मी स्वतः पाच वेळा जाऊन आले. पहिल्या चार वेळा फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं आणि परत आले. पाचव्या वेळी, गेल्या मे महिन्यात, आईबाबा बरोबर होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. सगळी हयात धरणं, सांडवे, कालव्यांची दगडी कामं यांत गेली. त्यांनी त्या तटाला हात लावून जे दाखवलं ते विसरून जाऊ नये म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी प्रश्न विचारावेत, जे जाऊन आलेत त्यांनी भर घालावी.

आधी एक घोळ दूर करते. कारकासोन म्हणजे दोन गावं आहेत, मधून ओद नदी वाहते. टेकडीवर तटबंदीच्या आत आहे ती 'सिते', म्हणजे फोटोत दिसतं ते. नदीच्या अलीकडे स्टेशनच्या बाजूला 'बास्तीद सँ-लुई', काटकोनात आखलेले रस्ते आणि मधोमध चौक असलेलं गाव. हे 'खालचं गाव' म्हणून ओळखलं जातं, पण तेही तेराव्या शतकातलंच आहे. तिथे का वसवलं याची गोष्ट पुढे सांगते.

दुसरा घोळ तिकिटांचा. पहिल्या खेपेला मी एका संकेतस्थळावर 'सिते प्रवेश' असं वाचून चौघांचे पैसे भरले. सितेत शिरायला तिकीट लागतच नाही. लोक आत राहतात, दरवाजे रात्रंदिवस उघडे असतात. तिकीट लागतं ते आतल्या शातो कोंताल या गढीला आणि तटावरून चालायच्या फेरीला. ते सरकारी संकेतस्थळावर किंवा तिथल्या खिडकीवरच घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांना ते फुकट आहे.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा, कानाल द्यु मिदी. बाबा तिथेच अर्धा तास थांबले. पाणी-दरवाज्यांतून एक नाव खाली उतरत होती. दार बंद, पाणी सोडलं, नाव हळूहळू बसली, पुढचं दार उघडलं. बाबा घड्याळ लावून बघत होते. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ ते १६८१ या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत हा २४० किलोमीटरचा कालवा खोदवून घेतला. तो मिठावरच्या कराचा ठेकेदार होता. कालवा जिथे सगळ्यात उंचावर आहे तिथे पाणी कुठून आणायचं हा खरा प्रश्न होता. रिकेने काळ्या डोंगरातले ओढे अडवून ते पाणी पाणलोटाच्या माथ्यावर आणून सोडलं आणि त्यासाठी सँ-फेरेओलचं धरण बांधलं. कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, तो वारला. हे ऐकल्यावर बाबा काही बोलले नाहीत, टोपी काढून हातात धरली. कारकासोनने तेव्हा खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला होता म्हणून कालवा गावाला बगल देऊन गेला. गावाला तो लागला थेट १८१० मध्ये.

आईच्या गुडघ्यांमुळे तिला आणि नवऱ्याला टॅक्सीने वर पाठवलं. मी आणि बाबा बास्तीदमधून चालत जुन्या पुलावर गेलो. चौदाव्या शतकातला दगडी पूल आहे, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. सिते पहिल्यांदा बघायची तर इथून बघा. तीन किलोमीटर तट आणि बावन्न बुरूज, एकात एक दोन पदर. बाबा म्हणाले, "गाव डोंगरावर नाही, डोंगरानेच गाव डोक्यावर घेतलंय."

पुलापासून ओद दरवाजाची चढण खडी आहे, गोट्यांची फरसबंदी, नागमोडी वाट. शत्रूला वळणावळणावर वरून मारता यावं म्हणूनच ती तशी. गुडघेदुखी असेल तर पलीकडच्या नार्बोन दरवाजाने जावं, तिकडे चढ सौम्य आहे.

नार्बोन दरवाजाशी आई भेटली. तिथे एका बाईचा दगडी मुखवटा आहे, दाम कार्कास. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने पाच वर्षं वेढा घातला, धान्य संपत आलं. तेव्हा या बाईने शेवटचं डुक्कर शेवटचा गहू खाऊ घालून तटावरून खाली फेकलं. शत्रूला वाटलं, आत डुकरांना घालायलाही गहू आहे, आणि त्याने वेढा उठवला. मग तिने घंटा वाजवल्या आणि 'कार्कास घंटा वाजवते' यावरून गावाचं नाव पडलं, अशी दंतकथा. इतिहासात मात्र ७५९ मध्ये हे गाव घेतलं ते शार्लमेनच्या बापाने, पेपँने, आणि नाव तर रोमनांच्या काळापासूनचं आहे. आईला गोष्ट फार आवडली. "बाईनेच गाव राखलं ना," एवढंच म्हणाली. दारातला मुखवटा नक्कल आहे, मूळचा झिजलेला गढीच्या आत ठेवला आहे, तोही बघा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दरवाज्यातून शिरलात की लगेच दुकानांच्या गल्लीत जाऊ नका. दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात वळा. त्याला 'लिस' म्हणतात. तिथे तिकीट नाही, गर्दी नाही, गवत आहे, आणि एका हाताला दीड हजार वर्षांहून जुन्या आणि दुसऱ्या हाताला तेराव्या शतकातल्या भिंती आहेत. उत्तरेच्या बाजूने चालत होतो. आतल्या तटाचे तिथले बुरूज बाहेरून अर्धगोल आणि आतून सपाट आहेत, घोड्याच्या नालेसारखे. दगड अगदी छोटे, मुठीत मावतील असे चौकोनी, आणि मधूनमधून लाल विटांचे आडवे पट्टे. हे रोमन राजवटीच्या अखेरच्या काळातलं, तिसऱ्या-चौथ्या शतकातलं काम. बाबा विटांच्या पट्ट्यावर बोट फिरवत होते. छोट्या दगडांच्या भिंतीला मधे मधे असा सपाट थर दिला की भिंत एका पातळीत येते आणि बांधून राहते, असं त्यांनी सांगितलं.

मग ते खाली वाकले आणि म्हणाले, "अगं, हे उलटं कसं?"

मला काही दिसेना. त्यांनी दाखवलं. छोट्या दगडांची रोमन भिंत वर होती, आणि तिच्या खाली मोठाले, घडीव, आडवे दगड. जुनं वर, नवं खाली. आम्ही दोघं तिथे उकिडवे बसून राहिलो. नंतर तटाच्या फेरीत वाटाडीने उलगडा केला. तेराव्या शतकात राजाच्या माणसांनी बाहेरचा दुसरा तट बांधताना मधला पट्टा खणून सपाट केला. त्यात रोमन भिंतीचा पाया उघडा पडला. भिंत पाडायची नव्हती, म्हणून तिला खालून नवे दगड भरत भरत आधार दिला. म्हणजे उभी, जड, हजार वर्षांची भिंत तोलून धरून तिच्या पोटाखाली काम केलं. बाबांनी आयुष्यात असं काम दोनदा केलंय, तेही लोखंडी टेकू देऊन. परत तुलूझला येताना गाडीतही ते त्याबद्दलच बोलत होते.

बाकी सँ-नाझेरचं चर्च चुकवू नका. पोप अर्बन दुसरा याने १०९६ मध्ये इथल्या दगडांना आशीर्वाद दिला होता. पुढचा अर्धा भाग जाड खांबांचा, अंधारा. मागचा सगळा काचांचा. दुपारनंतर गेलात तर निळा-जांभळा उजेड जमिनीवर पडलेला असतो.

प्रश्न विचारा.

गडवाट

वाचनखूण साठवली. बरोबर शब्दांत सांगायचं तर बाहेरचा ठेंगणा तट म्हणजे आपली रेवणी (मुख्य तटापुढची बुटकी भिंत) झाली का? विजयदुर्गाला तिहेरी तट आहे, तसं काही? आणि दरवाज्यापुढे जिभी, म्हणजे दार झाकणारं आडोशाचं बांधकाम, आहे का?

कृष्णाकाठ

होय गडवाटदादा, कल्पना तीच. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच, म्हणजे दोन्ही तटांवरून एकाच वेळी मारा करता येतो, पुढच्याच्या डोक्यावरून मागचा. बाहेरच्या तटाचे बरेचसे बुरूज गावाकडच्या अंगाला उघडे आहेत, पाठीला भिंतच नाही. शत्रूने तो बुरूज घेतलाच तरी आतल्या तटावरून तो उघडा दिसतो, लपायला जागा नाही.

नार्बोन दरवाज्यापुढे जिभीसारखं अर्धगोल बांधकाम आहे. दरवाज्याच्या दोन बुरुजांना पुढे चोचीसारखं टोक काढलंय. तिथला दगड मुद्दाम फुगीर ठेवलेला आहे, कडा तासलेल्या आणि मधलं पोट पुढे. हे फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याच्या काळातलं काम, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. एकदा हा फुगीर दगड ओळखता आला की लांबूनही कळतं की इथे राजाने हात घातला.

साधासरळ

कुणाचा विरस करायचा नाही, पण आमचा अनुभव वेगळा आहे. आम्ही ऑगस्टमध्ये भर दुपारी गेलो. मुख्य गल्लीत चालायला जागा नाही, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या तलवारी आणि ढाली. नंतर वाचलं की छपरं, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे) हे सगळं एकोणिसाव्या शतकात नव्याने केलंय. मग खरं काय बघितलं असा प्रश्न पडला. आम्ही दोन तासांत परत फिरलो.

स्थापती

साधासरळ, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करतो, आणि आमच्या अभ्यासात कारकासोन पहिल्याच वर्षी येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१६५९ च्या तहानंतर फ्रान्स आणि स्पेनची सीमा दक्षिणेला पिरेनीज पर्वतावर सरकली. तोवर कारकासोन सीमेवरचा किल्ला होता, एका सहीने तो आडगावचा झाला. सैन्य गेलं, श्रीमंत खालच्या गावात गेले. वर उरले गरीब विणकर. त्यांनी दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात, तटालाच टेकून घरं बांधली. लोक तटाचे दगड काढून नेऊ लागले. १८५० च्या सुमारास सरकारने किल्ल्याचा लष्करी दर्जाच काढून घेतला, म्हणजे तट पाडायची वाट मोकळी झाली. गावातलेच एक इतिहासप्रेमी, क्रो-मेरव्हिएय, यांनी हा प्रश्न लावून धरला. ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी साथ दिली. मग १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने काम हाती घेतलं, ते १८७९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरही पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

त्याने नव्याने केलं ते मुख्यतः तटाच्या माथ्यावर. चर्या आणि छपरं. टोकदार, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं उत्तर फ्रान्समध्ये शोभतात; या उन्हाच्या मुलखात घरांवर बसकी नळीची कौलं असतात. टीका त्याच्या हयातीतच झाली. विसाव्या शतकात काही रोमन बुरुजांवरची टोकदार छपरं उतरवून कौलं घातली गेली. त्यामुळे आज पश्चिमेकडून बघताना दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. पण खालची भिंत, जिच्याबद्दल कृष्णाकाठताईंनी लिहिलंय, ती त्याने बनवलेली नाही. मान वर करून फोटो काढणाऱ्याला एकोणिसावं शतक दिसतं, कमरेच्या उंचीवर बघणाऱ्याला चौथं आणि तेरावं.

माझं स्वतःचं मत: छपरांबाबत त्याचं चुकलं, पण तो आणि मेरिमे नसते तर आज टेकडीवर दगडांचा ढीग असता. ती विणकरांची घरं काढली गेली, ती माणसं तिथून उठली, हेही जमेला धरायला हवं. त्याबद्दल तिथे फार कमी लिहिलेलं आढळतं आणि मला ते खटकतं.

गडवाट

स्थापती, हे आपल्याकडे लागू करून बघा. आपले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. लगेच लोक म्हणायला लागले, पडलेले वाडे पुन्हा उभे करा. मलाही आतून तेच वाटतं. राजगडावर, रायगडावर नुसती जोती बघून पोटात तुटतं. कारकासोनसारखं का करू नये?

स्थापती

पोटात माझ्याही तुटतं. पण कारकासोनसारख्या कामांवरून जग जे शिकलं ते आधी बघू. वास्तुजतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट लिहिलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि जे नवं कराल ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. कारकासोनला भिंती पुरुषभर नव्हे, चांगल्या बुरुजाइतक्या उभ्या होत्या. आपल्याकडे जोत्यावर वाडा उभा करायचा तर त्याची उंची, खिडक्या, छप्पर हे सगळं आपण मनाने ठरवणार. शंभर वर्षांनी एखादं पोर तेच खरं मानेल. त्यापेक्षा उभा तट पडू न देणं, त्यावरची झाडं मुळासकट काढणं, दगडांमधल्या दरजा चुन्यानेच भरणं, सिमेंट न वापरणं, एवढं झालं तरी मोठं काम होईल. कृष्णाकाठताईंच्या बाबांनी पाहिलं ते तेराव्या शतकातलं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. राजाकडे पैसा होता, माणसं होती, जुनी भिंत पाडून नवी बांधता आली असती. त्यांनी ती खालून तोलून धरली.

ओवी

धागा सुंदर. पण इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी विद्यापीठात फ्रेंच शिकवते. या भागाची मूळ भाषा फ्रेंच नाही, ऑक्सितान आहे. 'होय' ला ते 'ओक' म्हणायचे, त्यावरूनच या प्रदेशाचं लांगदोक हे नाव. रस्त्यांच्या पाट्या आजही दोन्ही भाषांत दिसतात, त्या जरूर वाचा.

बाराव्या-तेराव्या शतकात इथे काथार हा ख्रिस्ती पंथ पसरला होता. हे जग वाईट शक्तीने घडवलं असं ते मानत, त्यांचे व्रती मांस, अंडी, दूध वर्ज्य करत, शपथ घेत नसत. त्यांच्यात बायकाही व्रत घेऊन उपदेश करत. पोपने १२०८ मध्ये त्यांच्यावर धर्मयुद्ध पुकारलं. २२ जुलै १२०९ ला बेझिए शहरात कत्तल झाली. तिथून फौज कारकासोनवर आली. इथला सरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल अवघा चोवीस वर्षांचा होता. ऑगस्टचा उन्हाळा, आजूबाजूच्या गावांतून आसऱ्याला आलेली माणसं, नदीकडची वाट तोडलेली. पाणी संपलं. पंधरा दिवसांत गाव शरण गेलं. माणसांना जीवदान मिळालं, पण अंगावरच्या एका वस्त्रानिशी, घरदार मागे टाकून बाहेर पडायच्या अटीवर. त्रांकाव्हेल नोव्हेंबरात आपल्याच गढीच्या कैदखान्यात मेला. गाव गेलं धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोरच्या ताब्यात.

१२४० मध्ये त्रांकाव्हेलच्या मुलाने गाव परत घ्यायचा प्रयत्न केला. तटाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी त्याला साथ दिली. त्यांच्या घरांतून भुयारं खणून तटाखाली सुरुंग लावायचा बेत होता. राजाच्या अधिकाऱ्याने आतून उलट भुयारं खणली. त्याने राणीला पाठवलेला अहवाल आजही उपलब्ध आहे, कुठे किती खणलं याचा हिशेबच. वेढा फसला. शिक्षा म्हणून ती वस्ती मोडली, लोकांना हाकललं. पुढे राजाने त्यांना नदीपलीकडे घरं बांधायची परवानगी दिली. तेच तुमचं बास्तीद. स्टेशनवरून येताना ज्या सरळ रस्त्यांवरून आपण चालतो ते हाकललेल्या माणसांचं गाव आहे.

कृष्णाकाठ

ओवीताई, ही गोष्ट मला सांगायची होती, पण तुमच्यासारखी जमली नसती. आता पुढच्या वेळी बास्तीदमधून घाईने जाववणार नाही.

मधुरा_एन

आम्ही जूनअखेरीला जातोय. सासूसासरे, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला 'कारकासोन' हा पटावरचा खेळ तोंडपाठ आहे, तेवढ्यावर तो हट्ट धरून बसलाय. प्रश्न: १) सासूबाई कडक शाकाहारी आहेत, काय मिळेल? २) एक रात्र राहावं की तुलूझहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत? ३) मुलाला कंटाळा येऊ नये म्हणून काय दाखवावं?

कृष्णाकाठ

मधुरा, एकेक सांगते.

तिथला मानाचा पदार्थ कासुले. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत बदक, डुक्कर, सॉसेज घालून मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजवतात. वर खरपूस साय धरते, ती मोडून पुन्हा धरू देतात. सासूबाईंसाठी तो नाहीच, आणि 'मांस बाजूला काढून द्या' असंही सांगू नका, रसच मांसाचा असतो. शेळीच्या दुधाचं चीज भाजून पावावर ठेवलेलं सालाद जवळपास सगळीकडे मिळतं. चीज-मशरूमची घिरडी मिळतात, क्रेप म्हणतात. आईने सकाळी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. लिसमधल्या गवतावर बसून आम्ही ती खाल्ली आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे सहलीतलं तेच जेवण खरं. स्थानिक लोकही तिथे डबे उघडून बसतात.

एक रात्र नक्की राहा. सितेच्या आत महाग पडतं, नदीकाठी किंवा बास्तीदमध्ये स्वस्त. संध्याकाळी सहानंतर दिवसाची माणसं उतरून जातात. जूनमध्ये उजेड उशिरापर्यंत असतो. साडेनऊ-दहाला दगड मधासारखे दिसतात, मग दिवे लागतात. साधासरळ, तुम्हालाही सांगते, पुन्हा योग आला तर त्या वेळी जा. तीच गल्ली ओळखू येत नाही. चौदा जुलैच्या रात्री मोठी आतषबाजी असते, नदीकाठी लोक दुपारपासून जागा धरतात. वृद्ध मंडळी बरोबर असतील तर तो दिवस टाळलेला बरा.

मुलाला गढीच्या भिंतीतली चौकोनी भोकं दाखव. लढाईच्या वेळी त्यांत तुळया खुपसून तटाच्या बाहेर लाकडी सज्जे टांगायचे, तळाला फटी ठेवून, म्हणजे बरोबर तटाच्या पायाशी आलेल्या शत्रूवर दगड टाकता यायचे. गढीला असा एक सज्जा नव्याने बांधून लावला आहे, त्यात उभं राहता येतं. शिवाय त्याला एक काम दे. एकाच जागी रोमन छोटा दगड, विटांचा पट्टा आणि फुगीर दगड असे तीन शोधून दाखवायला सांग.

गडवाट

एक भर. जे माझ्यासारखे डोंगर चढणारे आहेत त्यांनी गाडी भाड्याने घेऊन दक्षिणेचे गड करावेत. 'कारकासोनचे पाच पुत्र' म्हणतात त्यांना: केरिबुस, पेरपेर्तूझ, प्युइलोरां, तेर्म, आगिलार. सीमा दक्षिणेला जाईपर्यंत हेच पहाऱ्याचे गड. मी केरिबुस आणि पेरपेर्तूझ केले. कड्याच्या धारेवर भिंत अशी चढवलीय की कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते कळत नाही. बूट चांगले घाला, वारा माणूस हलवतो. पाट्यांवर त्यांना 'काथार गड' म्हणतात, पण आज उभं आहे ते बहुतेक काथारांना हरवणाऱ्या राजाचं बांधकाम आहे.

ओवी

बरोबर, गडवाट. पर्यटनाने हरलेल्यांचं नाव जिंकणाऱ्यांच्या भिंतींना दिलंय. मुलांना तिथे नेताना हे सांगितलंच पाहिजे.

मधुरा_एन

काल परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक रात्र राहिलो. सकाळी सात वाजता सासरे आणि मुलगा दोघेच लिसमध्ये गेले. मी आणि सासूबाई नऊला पोचलो तेव्हा मुलगा धावत आला आणि आम्हाला हाताला धरून एका बुरुजापाशी घेऊन गेला. त्याला ती जागा सापडली होती. वर लाल पट्टे, छोटे दगड, आणि खाली त्याच्या छातीएवढ्या उंचीचे मोठे दगड. "आजी, इथे मोठ्यांनी लहानांना उचलून घेतलंय," असं म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बुरुजांभोवती पाकोळ्यांचे थवे ओरडत फिरत होते, तुळयांच्या भोकांत शिरत होते.

सासूबाई चर्चमध्ये निळ्या उजेडात तासभर बसल्या. कालव्यावर मात्र वाईट वाटलं. काठची चिनार जातीची जुनी झाडं बऱ्याच ठिकाणी तोडलेली दिसली. चौकशी केली तर २००६ पासून बुरशीचा रोग पसरतोय, लागण झालेलं झाड तोडून जाळावं लागतं म्हणे. नवी रोपं लावली आहेत.

कृष्णाकाठताई, तुमच्या बाबांना सांगा, ती भिंत आमच्या पोराने शोधली.

कृष्णाकाठ

मधुरा, तुझा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, त्या मुलाला विचार, खालच्या मोठ्या दगडांच्या दरजा भरलेल्या होत्या की मोकळ्या. मेमध्ये ऊन डोळ्यांवर होतं म्हणून त्यांना नीट दिसलं नव्हतं. फोटो असेल तर इथे टाक, ते वाट बघतायत.